चित्र उतरवायचं की भिंत बदलायची?

बाल्टिमोरच्या एका संग्रहालयात सुमारे 1710 सालचं एक तैलचित्र आहे. मेरिलँडमधल्या बड्या जमीनदार घराण्यातला हेन्री डार्नल तिसरा हा मुलगा त्यात ऐटीत उभा आहे. अंगात भारी कोट, हातात धनुष्यबाण, मागे आखीवरेखीव बाग आणि महालवजा इमारती. तशी बाग त्या काळच्या मेरिलँडमध्ये नव्हती. जर्मनीहून आलेल्या यूस्टस एंगलहार्ट क्यून या चित्रकाराने ती युरोपातल्या नमुन्यांवरून रचली. मुलाच्या मागे कठडा आहे आणि कठड्याच्या पलीकडे, अर्धा झाकलेला, एक काळा मुलगा आहे. शिकारीत मारलेला पक्षी त्याने हातात धरला आहे आणि तो मान वर करून धन्याच्या पोराकडे पाहतो आहे. त्याच्या गळ्यात चांदीचा पट्टा आहे.

वसाहतकालीन अमेरिकेत रंगवलेल्या चित्रांपैकी आफ्रिकी वंशाच्या माणसाचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्र मानलं जातं. डार्नलचं नाव आपल्याला आकड्यासकट ठाऊक आहे. दुसऱ्या मुलाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

अशा चित्रांचं काय करायचं, हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतली विद्यापीठं आणि संग्रहालयं स्वतःला विचारत आहेत. एक बाजू म्हणते, ही चित्रं गुलामांच्या घामाच्या पैशावर रंगवली गेली, ती मानाने टांगणं म्हणजे तो मान पुन्हा पुन्हा बहाल करणं. दुसरी म्हणते, चित्रं उतरवून इतिहास बदलत नाही, फक्त दिसेनासा होतो. दोन्ही बाजूंना खरोखर वजन आहे. घाईने एक पारडं खाली दाबण्याआधी ही चित्रं कशी आणि कशासाठी तयार झाली, ते पाहायला हवं.

अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमध्ये राजदरबार नव्हता. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन प्रार्थनाघरांत देवाधर्माची चित्रं चालत नसत. चित्रकाराने पोट भरायचं तर व्यक्तिचित्राशिवाय दुसरा मार्ग जवळजवळ नव्हता. जॉन स्मायबर्ट हा स्कॉटिश चित्रकार 1729 मध्ये आला तो जॉर्ज बर्कली या तत्त्वज्ञाच्या सोबत, बर्म्युडात निघायच्या महाविद्यालयात कला शिकवायला. ते महाविद्यालय निघालंच नाही. स्मायबर्ट बॉस्टनमध्ये राहिला, व्यापाऱ्यांची चित्रं काढू लागला आणि जोडीला त्याने रंगांचं दुकान टाकलं. त्याच्याकडच्या युरोपीय चित्रांच्या नकला पाहून पुढच्या पिढीतल्या पोरांनी डोळे तयार केले. त्या पोरांतला सर्वांत मोठा ठरला जॉन सिंगल्टन कॉप्ली, जन्म 1738 चा. त्याचे सावत्र वडील पीटर पेलम छापचित्रं कोरायचे. पण शिक्षण असं कॉप्लीला फारसं मिळालं नाही. जे आलं ते बघून आणि करून आलं. आपल्या गावात चित्रकाराला सुतार, शिंपी आणि चांभारापेक्षा वेगळं कुणी मानत नाही, अशी तक्रार त्याने पत्रात केली आहे. ती वाचताना वाईट वाटतं, पण तिच्यात एक खरी गोष्ट सापडते. गिऱ्हाईक चित्र विकत घेत नसे, स्वतःची ओळख शिवून घेत असे.

आणि शिवून घेणं हे अगदी शब्दशः. लंडनहून मेझोटिंट छापचित्रं यायची, म्हणजे तिथल्या सरदारांच्या बायकांच्या चित्रांच्या काळ्यापांढऱ्या प्रती. बॉस्टनचा चित्रकार त्यातली बैठक, झगा, मागचं झाड उचलायचा आणि वर समोरच्या बाईचा चेहरा बसवायचा. कॉप्लीने सुमारे 1763 मध्ये काढलेलं श्रीमती जेराथमील बॉवर्स यांचं चित्र घ्या. रेनल्ड्स या लंडनच्या चित्रकाराने काढलेल्या लेडी कॅरोलाइन रसेलच्या चित्रावरून निघालेल्या छापचित्राची ती जवळपास नक्कल आहे. मांडीवरचा कुत्रासुद्धा त्या सरदारकन्येचा. चेहरा तेवढा बॉवर्सबाईंचा. त्यामुळे ‘त्या काळची मोठी माणसं अशी दिसत’ असं जेव्हा आपण या चित्रांवरून म्हणतो, तेव्हा ती माणसं आपण कसे दिसावं म्हणत होती तेच खरं सांगत असतो.

या ऐटीत आपल्याकडचाही एक धागा आहे. निकोलस बॉयल्स्टन या बॉस्टनच्या धनाढ्य व्यापाऱ्याला कॉप्लीने 1767 मध्ये रंगवलं, ते घरगुती रेशमी झग्यात. भादरलेल्या डोक्यावर टोपी, हाताखाली हिशेबाच्या वह्या, मागे समुद्रात जहाज. त्या झग्याला इंग्रज ‘बनियन’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीजांमार्फत गुजराती ‘वाणियो’वरून गेला, म्हणजे आपल्या ‘वाणी’चा सख्खा भाऊ, आणि आपण सदऱ्याखाली घालतो तो बनियनही त्याच घरातला. पूर्वेच्या व्यापाऱ्याचा सैल अंगरखा घालून पश्चिमेचा व्यापारी सांगत होता की माझा पसारा कुठवर पोचलाय ते बघा.

आता उतरवा म्हणणाऱ्यांची बाजू. तिचं सर्वांत बळकट उदाहरण हार्वर्डच्या लॉ स्कूलमधलं आहे. रॉबर्ट फीकने 1741 मध्ये रंगवलेलं आयझॅक रॉयल आणि त्याच्या कुटुंबाचं चित्र या संस्थेच्या मालकीचं. लाल कोटातला तरुण रॉयल उभा, गालिचा घातलेल्या मेजामागे बायको, लहान मुलगी, बहीण, मेहुणी. सगळे शांत, खाऊनपिऊन सुखी. रॉयलांचा पैसा अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळ्यांतला. तिथे 1736 मध्ये गुलामांच्या बंडाचा कट उघडकीला आल्याचं सांगून कित्येकांना जिवंत जाळण्यात आलं. पुढच्याच वर्षी आयझॅकचे वडील मॅसॅच्युसेट्समध्ये मेडफर्डला राहायला आले, तेव्हा त्यांच्यासोबत 27 गुलाम होते. आयझॅकने मृत्युपत्रात हार्वर्डला जमीन दिली, तिच्यातून कायद्याचं अध्यासन उभं राहिलं, आणि त्यानंतर लॉ स्कूल. विसाव्या शतकात या संस्थेने आपल्या बोधचिन्हाच्या ढालीवर रॉयल घराण्याच्या गव्हाच्या तीन पेंढ्याही घेतल्या.

त्या रॉयलच्या घरी बेलिंडा नावाची बाई होती. आफ्रिकेतून लहानपणी पळवून आणलेली. रॉयल इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा. अमेरिकन क्रांती सुरू होताना तो निघून गेला आणि परक्या मुलखातच 1781 मध्ये वारला. 1783 मध्ये बेलिंडाने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला अर्ज केला. अर्जाचं म्हणणं असं की, या मालमत्तेतला काही भाग माझ्या हातांनी जमवला आहे, माझी आयुष्यभराची मजुरी कुणी दिली नाही, तर मला आणि माझ्या अपंग मुलीला त्यातून निर्वाहापुरतं द्यावं. विधिमंडळाने वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग मंजूर केले. रक्कम नियमित मिळेना, म्हणून तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले.

हार्वर्डच्या त्या लॉ स्कूलमध्ये शिकणाऱ्या काळ्या विद्यार्थ्याच्या जागी उभं राहून पाहा. कायद्यापुढे सगळे समान, हे तो वर्गात शिकणार, आणि त्याच्या संस्थेचं बोधचिन्ह त्याच्या पूर्वजांसारख्यांना जाळणाऱ्या बेटावरून आलेलं. ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ असं त्याला सांगण्याचा अधिकार मला तरी कुणाकडे दिसत नाही. मानाच्या जागी टांगलेलं चित्र बोलत असतं, आणि ते वर्षानुवर्षं एकच बोलत असतं: आम्ही यांचे ऋणी आहोत. 2016 मध्ये हार्वर्डने ती ढाल बाजूला केली. त्यासाठी नेमलेल्या समितीतल्या बहुतेकांचं मत तसं होतं.

पण त्या समितीत विरोधी मत कुणी दिलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. अ‍ॅनेट गॉर्डन-रीड. राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या घरच्या हेमिंग्ज या गुलाम कुटुंबावर आयुष्यातली कित्येक वर्षं खर्च करणारी, स्वतः काळी असलेली इतिहासकार. तिचा मुद्दा रॉयलला वाचवण्याचा मुळीच नव्हता. ज्यांच्या श्रमावर हे उभं राहिलं, त्यांच्याशी असलेला संस्थेचा डोळ्यांना दिसणारा दुवा तुम्ही काढून टाकताय, आणि तो दुवा गेला की विसरणं सोपं होतं, असं तिचं म्हणणं. पेंढ्या ठेवा, आणि त्या कुणी कापल्या ते सांगत राहा. ढालीच्या बाबतीत मला बहुमताचं पटतं, कारण बोधचिन्ह ही संस्थेची सही असते आणि सहीखाली तळटीप लिहिता येत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र गॉर्डन-रीड यांचा युक्तिवाद मला अधिक जड वाटतो.

कारण डार्नलचं चित्र तळघरात नेलं तर त्याच्याबरोबर कोण जातं? डार्नल घराण्याची नोंद दस्तऐवजांत आहे, जमिनीच्या खात्यांत आहे. चांदीचा पट्टा घातलेल्या मुलाचं जगात दुसरीकडे काहीही नाही. त्याला तिथे उभं केलं ते बागेसारखं आणि पक्ष्यासारखं, मालकाची मिळकत दाखवायला. त्याचा चेहराही चित्रकाराने खरा पाहून काढला की ठोकळेबाज काढला, कोण सांगणार. तरीही तो पट्टा आपण पाहतो, तो या चित्रामुळेच. दाखवणाऱ्याला ज्याची लाज वाटली नाही, तेच आज त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

येल विद्यापीठाची गोष्ट याला पुष्टी देते. एलायहू येलचा जन्म बॉस्टनचा, पण पैसा मद्रासचा. ईस्ट इंडिया कंपनीचा तो तिथला प्रमुख होता. त्याच्याच कारकीर्दीत 1690 मध्ये कंपनीने कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला, छत्रपती राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा. तोच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड. मद्रासहून माणसांचाही व्यापार होत होता आणि येलचं प्रशासन त्यात होतं. 1718 मध्ये त्याने कनेटिकटच्या एका धडपडत्या महाविद्यालयाला 417 पुस्तकं, कापडाचे गठ्ठे आणि राजाचं चित्र पाठवलं; बदल्यात महाविद्यालयाने त्याचं नाव घेतलं. त्याचं लंडनमध्ये रंगवलेलं एक चित्र येलच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. मेजाभोवती गर्भश्रीमंत पुरुष, आणि उजवीकडे त्यांच्या सेवेला एक काळं मूल, गळ्यात कुलूप लावलेला पट्टा. 2020 मध्ये संग्रहालयाने ते उतरवलं आणि तिथे टायटस काफार या चित्रकाराचं काम टांगलं. काफारने मूळ चित्रावरूनच नवं काढलं, मोठ्या लोकांचा भाग चुरगळून टाकला आणि सोनेरी चौकट फक्त त्या मुलाभोवती बसवली. मधल्या काळात संशोधकांनी मूळ चित्राचा आणि त्या मुलाचा कसून अभ्यास केला, आणि मग चित्र नव्या माहितीसह भिंतीवर परत आलं. चित्राचं नावही बदललं. आता त्यात त्या गुलाम मुलाचा उल्लेख आहे. उतरवणं आणि ठेवणं यांच्यात भांडण असलंच पाहिजे असं नाही, हे या सगळ्या प्रकाराने दाखवलं.

ठेवा म्हणणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा आहे, कलेचा. तो मी दुय्यम मानत नाही. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातलं पॉल रिव्हियरचं चित्र समोर आणा. 1768. रिव्हियर सोनारकाम करणारा कारागीर. कॉप्लीने त्याला कोट न घालता बसवलाय, नुसत्या सदऱ्यात आणि उघड्या जाकिटात. ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, कारण चांगल्या घरचा माणूस असा चित्रकारासमोर बसत नसे. डावा हात चांदीच्या किटलीभोवती आहे, किटलीवर नक्षी अजून कोरायची आहे, कोरण्या मेजावर पडल्यात. उजव्या हाताने हनुवटी धरलीय आणि तो सरळ तुमच्याकडे बघतोय. जवळ गेलात तर किटलीच्या पोटात त्याच्या बोटांचं प्रतिबिंब दिसतं. शिक्षक नाही, चित्रशाळा नाही, अशा बंदराच्या गावातल्या तिशीच्या माणसाने हे केलं. त्याच कॉप्लीने 1773 मध्ये फिलाडेल्फियाच्या मिफ्लिन दांपत्याचं चित्र काढलं, त्यात नवरा मागे पुस्तक धरून बसलाय आणि बायको पुढे, छोट्या मागावर झालर विणत. नजर तिची आहे, हात तिचे आहेत. इंग्लंडहून येणाऱ्या मालावर बहिष्कार होता तेव्हा घरी विणणं ही राजकीय कृती होती, आणि ती बाईच्या हातात दाखवली आहे. कॉप्ली काही क्रांतिकारक नव्हता. ज्या रिचर्ड क्लार्कचा चहा त्या वर्षी डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात बुडवला, तो त्याचा सासरा. क्रांतीच्या पुढाऱ्यांपैकी त्याने हॅनकॉक रंगवला, सॅम्युअल अ‍ॅडम्स रंगवला आणि इंग्रज सेनापती गेजही रंगवला, आणि 1774 मध्ये जहाज धरून तो युरोपला गेला तो परत आलाच नाही. असे डोळे आणि असे हात काही शंभर वर्षांत वारंवार जन्माला येत नाहीत. गिऱ्हाइकाच्या पापाची शिक्षा चित्राला देताना हेही वजनात धरावं लागतं.

तरीसुद्धा नुसतं ‘कला म्हणून पाहा’ म्हणणं मला पुरत नाही. गुस्टाव्हस हेसेलियसने 1735 मध्ये लेनापे जमातीच्या तिशकोहान आणि लापोविन्सा या दोन प्रमुखांची चित्रं काढली. वसाहतीतल्या सर्वांत प्रामाणिक चित्रांत त्यांची गणना होते. ठोकळेबाज रानटी नाहीत, कपाळाला आठ्या पडलेली, काळजीने भरलेली दोन माणसं. चित्रं काढून घेतली ती पेन कुटुंबाने, पेन्सिल्व्हेनियाच्या मालकांनी. दोनच वर्षांनी त्याच कुटुंबाने दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन, असा करार पुढे केला, आधी वाट साफ करून ठेवली, भाड्याने चपळ माणसं आणून पळवली आणि लेनाप्यांची प्रचंड जमीन गिळली. करारावर या दोघांच्याही खुणा आहेत. हे न सांगता ती चित्रं टांगली, तर पाहणारा चित्रकाराच्या माणुसकीने भारावून बाहेर पडेल आणि त्याच्या डोळ्यांत धूळ गेलेली त्याला कळणारही नाही.

तर माझं मत असं. ज्या भिंती मानाच्या आहेत, म्हणजे न्यायालयाचं दालन, विद्यापीठाचं भोजनगृह, विश्वस्तांची बैठकीची खोली, तिथून ही चित्रं निघाली पाहिजेत. तिथे टांगणं हा सत्कार असतो आणि सत्कार कुणाचा करायचा हे प्रत्येक पिढीने ठरवायचं असतं. पण ती तळघरात जाऊ नयेत. ती संग्रहालयात जावीत, आणि चित्राशेजारच्या पाटीवर पैसा कुठून आला ते लिहिलेलं असावं. ‘व्यापारी’ एवढंच लिहिणं ही लबाडी आहे. कसला व्यापारी, कोणत्या बेटावरचा, घरी किती गुलाम, त्यातली जी नावं माहीत आहेत ती. मेडफर्डचं रॉयलांचं घर आता संग्रहालय आहे, मागची गुलामांची वस्ती जपलेली आहे, आणि तिथे राबलेल्या साठावर माणसांचा शोध त्यांनी घेतला आहे. एका लहानशा संस्थेला जमतं ते मोठ्यांना का जमू नये?

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत. पाट्यांनी चित्राचं प्रवचन होतं, असं काही जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे, म्हणून पाटीने माहिती द्यावी आणि निवाडा पाहणाऱ्यावर सोडावा. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: पाटी स्वस्त असते. चार ओळी लिहून संस्था हात झटकते आणि बेलिंडाच्या अर्जाला दोन शतकांनंतरही उत्तर मिळत नाही. याला माझ्याकडे तोड नाही. हार्वर्डने 2022 मध्ये गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांचा अहवाल काढून 10 कोटी डॉलर बाजूला ठेवले. ते कसे खर्च होतात यावरच त्यांची किंमत ठरेल, आणि ते काम कोणत्याही चित्राने किंवा पाटीने होणारं नाही.

एक गोष्ट मात्र संग्रहालयांच्या हातात आहे, शेजारची जागा कुणाला द्यायची ही. बेलिंडाचं चित्र कुणी काढलं नाही. पण फिलिस व्हीटलीचं आहे. बॉस्टनमध्ये गुलाम असलेल्या या कवयित्रीच्या 1773 च्या पुस्तकात ते छापलं आहे, हातात लेखणी, समोर कागद, आणि चौकटीवर मालकाचं नाव. आणि प्रिन्स डेमा आहे. मार्लबरोच्या बार्न्स दांपत्याचा हा गुलाम. त्याचा हात चांगला आहे हे मालकिणीच्या लक्षात आलं, लंडनला नेऊन त्याला थोडं शिक्षण दिलं गेलं, आणि त्याच्या कुंचल्यावर पैसे मिळतील असा हिशेब झाला. त्याने मालकाचं आणि मालकिणीचंही चित्र काढलं. 1773 मध्ये त्याने काढलेलं विल्यम डुगिड या कापडव्यापाऱ्याचं चित्र आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बार्न्स कुटुंब राजनिष्ठ. क्रांतीच्या वेळी पळून गेलं. डेमा मागे राहिला, 1777 मध्ये स्वतंत्र माणूस म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या सैन्यात भरती झाला आणि पुढच्या वर्षी वारला. मृत्युपत्रात त्याने मालकाचं आडनाव लावलं नाही. ‘प्रिन्स डेमा, चित्रकार’ अशी ओळख दिली, आणि होतं नव्हतं ते सगळं आपल्या आईच्या, डॅफ्नीच्या, नावे केलं.